सह्याद्रीतल्या टार्पसाठी सिलपॉली : कापडाची आणि शिवणीची पारख

पाठीवरचे ओझे कमी करायचे ठरवले की नजर आधी तंबूकडे जाते. बाजारात सहज मिळणारा दोन माणसांचा तंबू अडीच-तीन किलो भरतो, तर पातळ जलरोधक कापडाचे नुसते छत, म्हणजे टार्प, घरी शिवले तर ते दोऱ्यांसकट अर्ध्या किलोच्या आत बसते. अमेरिकेत गिर्यारोहक रे जार्डीन यांनी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या सव्वाचार हजार किलोमीटरच्या वाटेसाठी हाच मार्ग धरला आणि पुढे कापड व सूचनांचे संच विकून अनेकांना शिलाई मशीनसमोर बसवले. येथे ज्या कापडाचे परीक्षण करत आहे ते २० डेनियरचे (डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप), दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप दिलेले रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू नये म्हणून जाड धाग्यांच्या चौकटी विणलेले, पॉलिएस्टर आहे. ट्रेकर मंडळी त्याला सिलपॉली म्हणतात.

याच जातीचे नायलॉनचे कापड, म्हणजे सिलनायलॉन, अधिक जुने आहे आणि फाटण्याला अधिक दाद न देणारे आहे, हे मान्य करूनच मी पॉलिएस्टरच्या बाजूने कौल देतो. नायलॉनचा धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिएस्टरचा जेमतेम ०.४ टक्के, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घाटमाथ्यावर मध्यरात्री धुके उतरले की नायलॉनचे छत सैल पडून झोल धरते आणि ताण द्यायला अंथरुणातून उठावे लागते, तर सिलपॉली संध्याकाळी ताणून बांधले तसेच सकाळपर्यंत राहते. उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकते. पॉलियुरेथेनच्या लेपाचे कापड स्वस्त असले तरी आपल्या दमट हवेत काही वर्षांत तो लेप चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून ते मी सुचवणार नाही. डायनीमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचे पत्र्यासारखे कापड याहूनही हलके असते. पण ते फार महाग पडते आणि शिवण्यापेक्षा चिकटपट्टीने जोडणेच त्याला मानवते.

खरेदी करताना वजनाचा आकडा नीट वाचावा. ‘१.१ औंस’ हे वजन दर चौरस यार्डाचे असते आणि पुष्कळदा ते लेप देण्यापूर्वीचे असते, म्हणून लेपासह दर चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या वर हिशेब धरावा. पन्हा साधारण दीड मीटर असतो. तीन मीटर लांबीची दोन पाखी आढ्यावर जोडली की दोघांना पुरेल असे छत होते आणि कापडाचेच वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जाते. कापड हाती आल्यावर ते तोंडाशी घट्ट धरून जोराने फुंकावे. हवा पलीकडे गेली तर लेप कच्चा आहे, आणि असे कापड पिशव्यांसाठीच ठेवावे.

खरी परीक्षा शिवताना होते. हे कापड टेबलावरून आपल्या भाराने घसरत जाते, त्यावर खडू उमटत नाही आणि टाचणीचे भोक बुजत नाही, म्हणून खुणा बारीक मार्करने कराव्यात आणि थर केसांच्या क्लिपांनी धरावेत. सरळ कडा ठेवल्या तर वाऱ्यात त्या फडफडतात. त्यासाठी दोरी दोन टोकांना धरून सैल सोडल्यावर जो वक्र तयार होतो, त्या वक्रात वळचणीच्या कडा बेताव्यात. तीन मीटरच्या कडेला मधोमध सहा-सात सेंटिमीटर आत येणे पुरते. घरातले साधे काळे मशीन या कामाला उत्तम आहे, मात्र ११ नंबरची कोरी सुई आणि चांगला पॉलिएस्टर दोरा हवा. टाका तीन मिलिमीटरचा ठेवावा, कारण बारीक टाक्यांनी कापडाला टपाल तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि ते तेथूनच फाटते. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके मागे ओढून धरावीत, नाहीतर सुई पहिल्याच टाक्याला कापड खाली ओढून नेते. आढ्याची शिवण दोन्ही कडा एकमेकींत अडकवून, दुमडून, वरून दोन समांतर टिपा मारून करावी. एकाच टिपेवर सगळा भार टाकणारी शिवण वादळात उसवते.

कोपऱ्यांना त्याच कापडाचे दोन-तीन थर लावून, अरुंद नायलॉन पट्टीचे फास पुढे-मागे अनेकदा टीप मारून पक्के करावेत. रेनकोटच्या शिवणीवर लावतात ती पट्टी येथे चिकटत नाही, कारण सिलिकॉनवर सिलिकॉनच बसते. हार्डवेअरच्या दुकानातले पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर लावावे, दिवसभर वाळू द्यावे आणि वर टाल्कम पावडर फिरवावी, म्हणजे घडी चिकटत नाही.

डोंगरावर हे छत मनापासून आवडले. हरिश्चंद्रगडासारख्या कातळाच्या माथ्यावर खुंट्या शिरत नाहीत, तेथे दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. बेसॉल्टची धारदार कड दोरी करवतते, म्हणून गोलसर दगड निवडावा. वाऱ्याची बाजू जमिनीलगत आणि एकच काठी उभी, एवढ्यावर पावसाची जोरदार सर निभावते. तरीही हे छत आहे, खोली नव्हे. त्याला जमीन नाही, जाळी नाही, विंचू-डासांपासून आडोसा नाही, आणि भर आषाढात रात्र काढायला गुहा किंवा देऊळच बरे. चूल किंवा स्टोव्ह त्याखाली कधीही पेटवू नये. पॉलिएस्टर २६० अंश सेल्सिअसच्या आतच वितळते, तेव्हा एका ठिणगीनेही त्याला भोक पडते.

ज्याला सरळ टीप मारता येते त्याने हे कापड निःशंकपणे घ्यावे. ज्याने मशीन कधी चालवलेच नाही त्याने आधी साध्या सुती कापडावर हात बसवावा. दोघांनीही हिशेबापेक्षा अर्धा मीटर जास्त मागवावे. त्यावर दोऱ्याचा ताण लावून पाहता येतो आणि उरलेल्या तुकड्यातून टार्प ठेवायची पिशवी निघते.