फेज नॉइज मोजायचाय: लूप लावायचा, केबल गुंडाळायची की दोन चॅनेल घ्यायचे?

फेज नॉइज, म्हणजे ऑसिलेटरच्या फेजमधली बारीक अनियमित थरथर, मोजायचा सेटअप घेताना सगळे आधी नॉइज फ्लोअरचा (सेटअपच्या स्वतःच्या नॉइजचा, ज्याखालचं काही दिसत नाही) आकडा विचारतात. माझा आग्रह आहे की त्याआधी रेफरन्स (तुलनेसाठीच्या) ऑसिलेटरची मॉड्युलेशन बँडविड्थ विचारा, म्हणजे त्याचा ट्यूनिंग पोर्ट किती वेगाने फ्रिक्वेन्सी हलवू शकतो. पीएलएल पद्धत (फेज-लॉक्ड लूप, म्हणजे फीडबॅकने दोन ऑसिलेटर एकमेकांना बांधून ठेवणं) तुमच्या कामाची आहे की नाही, हे तिथेच ठरतं.

या पद्धतीत तपासायचा ऑसिलेटर आणि रेफरन्स मिक्सरवर (फेजमधला फरक व्होल्टेजच्या रूपात देणाऱ्या भागावर) एकमेकांपासून ९० अंशांवर ठेवावे लागतात. तो कोन टिकावा म्हणून मिक्सरचं आउटपुट रेफरन्सच्या ट्यूनिंग पोर्टला परत द्यायचं. आता हिशोब करू. मिक्सर ०.३२ व्होल्ट प्रति रेडियन, रेफरन्स ओसीएक्सओचं (तापमान स्थिर ठेवलेल्या क्वार्ट्झ ऑसिलेटरचं) ट्यूनिंग १० हर्ट्झ प्रति व्होल्ट, मध्ये ५० पटीचा अ‍ॅम्प्लिफायर. गुणाकार १६०, म्हणजे कागदावर लूप बँडविड्थ (लूप जिथपर्यंत पाठलाग करू शकतो ती फ्रिक्वेन्सी) १६० हर्ट्झ. पण पोर्टच्या तोंडाशी १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर असेल, तर पोर्ट १६ हर्ट्झपासूनच मागे पडायला लागतो. मग लूपचा गेन ५० हर्ट्झच्या आसपासच १ वर येतो आणि तिथे फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधीची शिल्लक) उरतं जेमतेम १८ अंश. ग्राफवर त्या जागी सुमारे १० डीबीचा उंचवटा दिसतो.

आपल्याकडे ५० हर्ट्झ दिसलं की खापर मेन्सवर फुटतं. मी स्वतः दोन दिवस अर्थिंग बदलत बसलो होतो. खरं तर फरक डोळ्यांना दिसतो: मेन्सची रेघ सुईसारखी असते आणि १००, १५० हर्ट्झलाही तिची भावंडं असतात. लूपचा उंचवटा रुंद असतो, आणि गेन चौपट कमी केला की तो बुटका होऊन २३ हर्ट्झकडे सरकतो. मेन्स जागचा हलत नाही.

खात्री करायची असेल तर फंक्शन जनरेटरने ट्यूनिंग पोर्टवर छोटी साइन वेव्ह द्या आणि तिची फ्रिक्वेन्सी वाढवत जा. डेव्हिएशन सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर आलं की ती तुमची मॉड्युलेशन बँडविड्थ. लूप तिच्याहून बराच खाली ठेवा. लूपच्या आतला दबलेला नॉइज सॉफ्टवेअर गणिताने वर उचलतं, पण फिल्टरचा हा पोल (१६ हर्ट्झपासूनची घसरण) त्या गणितात धरलेला नसेल तर तिथले आकडे चुकणारच.

मोकळा व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा, कशालाही न बांधलेला ऑसिलेटर) तपासायचा असेल तर पंचाईत वाढते. तो इतका भटकतो की लूप किलोहर्ट्झमध्ये लागतो, आणि असा ओसीएक्सओ तेवढं धावू शकत नाही. लूप व्हीसीओच्याच पोर्टवर लावता येतो, तो भरपूर वेगवान असतो. मात्र १ मेगाहर्ट्झ प्रति व्होल्टच्या पोर्टवर १० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ नॉइज आला, तरी १० किलोहर्ट्झ ऑफसेटला (कॅरियरपासून, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीपासून तेवढ्या अंतरावर) उणे १२३ डीबीसी प्रति हर्ट्झचा (कॅरियरच्या तुलनेतला) मजला, म्हणजे नॉइज फ्लोअर, आपणच घालतो.

अशा वेळी मी डिले लाइन वापरतो. साधारण २० मीटर कोअ‍ॅक्स केबल म्हणजे १०० नॅनोसेकंद. सिग्नलची तुलना त्याच्याच उशिरा आलेल्या प्रतीशी होते. रेफरन्स नाही, लूप नाही, भटकणंही चालतं. वापरायची मर्यादा १.६ मेगाहर्ट्झ ऑफसेटपर्यंत, कारण १० मेगाहर्ट्झला प्रतिसाद शून्य होतो. कॅरियरजवळ मात्र संवेदनशीलता दर दशकाला २० डीबी घसरते, त्यामुळे चांगल्या ओसीएक्सओचा १० हर्ट्झचा आकडा या पद्धतीकडून मागूच नका.

दोन चॅनेलचा डिजिटल क्रॉस-कोरिलेशनवाला (दोन्ही चॅनेलांत सामाईक तेवढंच ठेवून बाकीचा नॉइज सरासरीने पुसणारा) अ‍ॅनालायझर फेज थेट मोजतो, त्यामुळे ट्यूनिंग पोर्टचा प्रश्नच येत नाही. १०० सरासऱ्यांना मजला १० डीबी खाली जातो, १०,००० ना २० डीबी. १ हर्ट्झ रिझोल्युशनला एक नोंद १ सेकंदाची धरली, तर १०,००० नोंदींना पावणेतीन तासांहून जास्त लागतात. शिवाय सिग्नल दोन चॅनेलांना वाटणाऱ्या पॉवर स्प्लिटरचा थर्मल नॉइज दोन चॅनेलांत उलट्या चिन्हाने येतो, त्यामुळे कधी आकडा खोटाच खाली दिसतो. ग्राफमध्ये खोल खड्डा दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तपासायचं काम ओसीएक्सओचं असेल आणि बजेट असेल, तर मी डिजिटलच घेईन. पैसे कमी असतील तर पीएलएल, पण किलोहर्ट्झपर्यंत धावणारा व्हीसीएक्सओ (व्होल्टेजने हलणारा क्वार्ट्झ ऑसिलेटर) रेफरन्स म्हणून, आणि तोही त्याचा स्वतःचा नॉइज तपासायच्या ऑसिलेटरपेक्षा कमी असेल तरच. मोकळ्या व्हीसीओला केबलचं वेटोळं पुरतं.