चार इंची कुंडीतली ब्राह्मी: रोप चोख, सूचनापत्रक कुचकामी

घरपोच ‘ब्राह्मी’ मागवली की खोकं उघडल्याबरोबर आधी पान बघावं. आपल्याकडे त्या नावाने सर्रास मंडूकपर्णी विकतात: लांब देठ, वाटोळं, देठाशी खाच, कडा कातरलेल्या. तीही औषधीच, पण वेगळी. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोन्निएरी, आपली नीरब्राह्मी. तिची पानं बिनदेठाची, समोरासमोर, मांसल, जेमतेम दीड सेंटिमीटरची. चावली तर कडू. या नर्सरीने पाठवली ती हीच. पाच-सहा फांद्या, पेरांवर पांढरी मुळं सुटलेली, पानाच्या बेचक्यात जांभळट छटेचं एक पांढरं फूल, आणि वाटेत काही मोडलेलं नाही. दीडशे रुपयांना वाजवी, कारण एवढ्यावर अख्खा टब लावून होतो.

गडबड आहे ती सोबतच्या पत्रकात. ‘वरची माती कोरडी झाली की पाणी द्या’ हे तुळशीला ठीक. ब्राह्मी ओढ्याकाठची, चिखलात पसरणारी वेल. कोकोपीट भरलेली ही कुंडी एप्रिलात दुपारपर्यंत सुकते. पानांची टोकं करपतात, मग फांद्यांच्या काड्या होतात. त्या पुन्हा फुटत नाहीत. कोकोपीट तसंच ठेवून वर पाणी भरावं, तर ते तरंगतं आणि कोवळ्या मुळांसकट कलमं उचलतं.

म्हणून रोप आल्या आठवड्यातच हलवायचं. पंधरा सेंटिमीटर खोल, भोक नसलेला टब घ्या. दोन भाग काळी किंवा गाळाची माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण पाण्याखाली सडतं, घाण वास सुटतो आणि मुळं काळी पडतात. आठ-दहा सेंटिमीटरची, तीन-चार पेरांची कलमं कापून खालची दोन पेरं चिखलात दाबा; अंतर १० सेंटिमीटर. जून-जुलैत लावलं तर सर्वांत सोपं. पाणी मातीच्या बरोबरीला ठेवावं. वर साचू दिलं तर डास होतात, आणि ‘औषधी झाड आहे’ म्हणून डास काही सूट देत नाहीत. निदान चार तास ऊन हवं. अगदी सावलीत दोन पेरांतलं अंतर वाढून वेल लुकडी होते. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र दुपारी हिरवी जाळी लागतेच. नाकतोडे आणि अळ्या हाताने वेचाव्यात.

साधारण ७५ ते ९० दिवसांनी कापणी. बुडाशी चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापलं की पुन्हा फूट येते. उपटलं तर संपलं. सुकवणं सावलीत, पातळ थरात. ढीग केला तर पानं मांसल असल्याने आतून बुरशी धरते.

पत्रकात ‘घरीच ब्राह्मी तेल बनवा’ अशी एक ओळ आहे, प्रमाण काहीच नाही. शास्त्रातलं प्रमाण तेलाच्या चौपट स्वरस (ताज्या पाल्याचा रस) आणि आठव्या हिश्शाने कल्क (वाटलेल्या पाल्याचा गोळा). म्हणजे १०० मिली तीळतेलाला ४०० मिली रस, आणि तेवढा एका टबातून निघत नाही. तेल २५ मिलीच करावं. मंद आचेवर आटवताना तळाचा कल्क बोटांत वळून बघा. वात वळली आणि ती ज्योतीत तडतडली नाही, तर पाणी गेलं. तेलावर फेस येतो तोही याच सुमारास; तुपात उलट, फेस बसतो. तडतड ऐकूनही बाटलीत भरलं, तर तेल खवट होणार.

पोटात घ्यायचं चूर्ण दिवसाला १ ते ३ ग्रॅम, तेही जेवणासोबत. रिकाम्या पोटी मळमळ आणि मुरडा येऊ शकतो. रोजची औषधं चालू असतील तर आधी वैद्यांना विचारा. आणि टबात सांडपाणी किंवा कारखान्याजवळच्या नाल्याचा गाळ घालू नका: ही वनस्पती कॅडमियमसारखे जड धातू अंगात साठवते.