आवाज मोजणारं अॅप: रेंज बरोबर, शिक्का चूक

गेला महिनाभर हे अॅप वापरतेय. फोनसमोर 'आ' लावायचा, सूर जमेल तितका खाली न्यायचा, मग वर चढवायचा. शेवटी तुमचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर समोर येतो. सूर ओळखण्यात अॅप पक्कं आहे. पियानोवर मधला सी वाजवून पाहिला, तर आकडा २६१-२६२ हर्ट्झलाच थांबला.

माझी रेंज आली एफ३ ते बी५ (अक्षर म्हणजे सूर, आकडा म्हणजे सप्तक; आकडा मोठा तितका सूर उंच), आणि खाली शिक्का: 'सोप्रानो', म्हणजे बायकांचा सर्वांत उंच आवाज. तक्रार आहे ती इथे. तो बी५ मी सगळा जोर लावून जेमतेम अर्धा सेकंद काढला होता, अॅपने तोही हिशेबात धरला. त्या शिक्क्याच्या भरवशावर मी आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, आल्टोतून (बायकांच्या खालच्या आवाजांतून) सोप्रानोत गेले. दोन तालमींत घसा बसला, तिसऱ्या दिवशी साधं बोलतानाही आवाज फाटायला लागला.

तेव्हा कॉयरच्या बाईंनी 'टेसितुरा' हा शब्द समजावला. शब्द इटालियन, मूळ अर्थ वीण, पोत. आवाज कुठून कुठवर पोचतो ती रेंज. तो कुठे रमतो, न थकता कुठे टिकतो, तो टेसितुरा. रचनेलाही हाच शब्द लावतात: तिचे बहुतेक सूर कोणत्या भागात फिरतात, हे त्यातून कळतं. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत (१८२४) कोरसमधल्या सोप्रानोंना ए५ वर कितीतरी वेळ सलग थांबावं लागतं. ए५ला मी हात लावून येते, पण तिथे मुक्काम करणं माझ्या गळ्याला झेपत नाही.

अॅपमध्ये सुरांचा आलेखही आहे, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच. अर्धा तास मोकळेपणी गायले आणि मग पाहिलं: ए३ ते बी४च्या दरम्यान रेष दाट आणि सरळ, डी५च्या वर विरळ, थरथरती. टेसितुरा तर तिथे डोळ्यांना दिसत होता! अॅपने त्यावरून काहीच का सांगू नये, याचं फार वाईट वाटतं.

रेंज आणि आलेखासाठी जरूर घ्या. शिक्का बघून आपली जागा मात्र बदलू नका. बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती: निदान प्रत्येक सूर दहा सेकंद धरायला लावा, मगच मोजा. मी आल्टोत परत आलेय, घसा आता ठीक आहे.