महालातले बायंडिंगवाले काका आणि बाबांचं जॉर्ज विथ

नागपूरच्या महालात गांधीगेटजवळच्या गल्लीत पुस्तकं बांधून देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे बाबांचं पुस्तक दिलं होतं, परवा आणलं म्हणून लिहितोय. बाबा जिल्हा कोर्टात वकील होते आणि जॉर्ज विथ या जुन्या अमेरिकन वकिलाचं हे इंग्रजी चरित्र त्यांनी इतक्यांदा वाचलं की पाठ सुटून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, वेगळे झाले होते. आधी दुसरीकडे दाखवलं तर म्हणे तिन्ही बाजूंनी कटिंग मारून गोंद लावतो, अर्ध्या तासात घेऊन जा. पण बाबांनी कडेला पेन्सिलीने बारीक बारीक लिहून ठेवलंय, ते सगळं गेलं असतं ना.

काकांनी चार पानं उलटली आणि स्वतःच म्हणाले, "कटिंग मारली तं वकीलसायबाचं अक्षर जाईन नं, राहू द्या तसंच." मी तिथेच ठरवलं, इथेच द्यायचं. एकेक फर्मा सोडवून जुना गोंद खरवडला, फाटक्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी लावली आणि दोऱ्याने जुजबंदी केली, म्हणजे फर्मे एकमेकांना शिवले. खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात, म्हणजे पुस्तकं खाणारी कसर लागत नाही. वरून मरून रंगाचं कापड.

हा विथ म्हणजे व्हर्जिनियाचा वकील, तिथल्या विधिमंडळात बसलेला, 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेला, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनला कायदा शिकवलेला. 1779 मध्ये विल्यम्सबर्गच्या कॉलेजात कायद्याचा प्राध्यापक झाला, अमेरिकेतला पहिलाच, आणि पोरांकडून खोटं कोर्ट, खोटं विधिमंडळ चालवून घ्यायचा. बाबांना हे फार आवडायचं. पण पेन्सिल सगळ्यात जास्त आहे ती 1806 च्या पानांवर. घरातल्या नातवाने, म्हणजे बहिणीच्या नातवाने, विष घातल्याचा आरोप झाला, विथ गेला, घरात राहणारा मायकल ब्राउन नावाचा पोरगाही गेला. स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स वाचली. तिला विथनेच गुलामीतून मोकळं केलं होतं. पण काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येणार नाही असा तिथला कायदा, त्यामुळे तिची साक्ष कोर्टापुढे आलीच नाही आणि तो नातू खुनातून सुटला. मरायच्या आधी विथने मृत्युपत्र बदलून त्याचं नाव काढलं तेवढंच. त्या पानाच्या अगदी काठावर बाबांनी लिहिलंय, "बाईला विचारलंच नाही." कटिंग मारली असती तर पहिलं हेच गेलं असतं.

आता तक्रार. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, फोन उचलत नाहीत, दोन चकरा फुकट गेल्या. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, गेटपाशी ठेवून चालत जा. पाठीवरची सोनेरी अक्षरं थोडी तिरपी आलीत. साडेचारशे रुपये घेतले, कामाच्या मानाने कमीच.

काल आईने ते पान उघडून टेबलावर ठेवलं, पुस्तक मिटलं नाही, सपाट पडून राहिलं, आणि ती चष्मा लावून बाबांचं अक्षर वाचत बसली. पुढच्या आठवड्यात बाबांच्या दोन डायऱ्या पण काकांकडेच नेतोय.