सेसना १७२ : सोसाट्याच्या आडव्या वाऱ्यात उतरताना

४४,००० हून अधिक संख्येने तयार झालेले सेसना १७२ हे चार आसनी विमान शिकाऊ वैमानिकांना मानवते, याविषयी फारसा मतभेद नाही. येथे त्याचे परीक्षण सोसाट्याच्या आडव्या वाऱ्यात उतरण्याच्या एकाच कसोटीवर केले आहे.

१७२एस या आवृत्तीच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, हा आकडा आहे. चाचणीत तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवले गेले एवढाच त्याचा अर्थ असून ती मर्यादा नव्हे, आणि नवख्या वैमानिकाला तेवढे जमेल अशी हमी तर मुळीच नव्हे. वारा १५ नॉटांवरून २५ पर्यंत उसळत असेल, तर फरकाचा अर्धा भाग, म्हणजे ५ नॉट, उतरण्याच्या वेगात मिळवावा हा प्रचलित नियम या विमानाला चांगला लागू पडतो. त्याहून अधिक वेग ठेवला, तर ते धावपट्टीवर तरंगत राहते आणि अधीर वैमानिक त्याला बळेच खाली दाबतो.

या विमानाची खरी दुखरी बाजू येथे उघड होते. मागची मुख्य चाके लवचिक पोलादी पायांवर असल्याने बराच आघात सोसतात, पण नाकाखालचे चाक तसे नाही. ते आधी टेकले की विमान उसळते, वैमानिक पुन्हा नाक दाबतो, पुढची उसळी आणखी वाईट होते. दोन-तीन उसळ्यांत त्या चाकाचा दांडा मोडू शकतो, तो जिला जोडलेला असतो ती इंजिनामागची पत्र्याची भिंत, म्हणजे फायरवॉल, वाकते आणि प्रोपेलर जमिनीवर आपटला तर इंजिन उघडून तपासण्याचा खर्च अटळ होतो.

पहिल्याच उसळीनंतर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे श्रेयस्कर. मात्र फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला उतरताना खाली वळवायचे पट्टे, ३० अंशांवर असतील तर चढाई मंद असते, त्यामुळे ते लगेच २० वर आणावे लागतात. जोरदार आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला पुरतील तेवढेच कमीत कमी फ्लॅप वापरावेत, हा पुस्तिकेतील सल्ला म्हणूनच मोलाचा वाटतो. चाके टेकल्यावरही वाऱ्याच्या बाजूचा पंख उचलला जाऊ शकतो. विमान कलते करणारे पंखांच्या टोकांकडचे एलेरॉन वाऱ्याकडे वळवून ठेवले की नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा रडर उरलेले काम चोख करतो.

शिकवणीसाठी वापरलेले जुने विमान घेणाऱ्याने रंगापेक्षा फायरवॉलच्या पत्र्यावरील सुरकुत्या आधी पाहाव्यात.