‘फोर्सेस ऑफ द नॉर्दर्न नाइट’ : काही महिने ऐकल्यानंतर

नॉर्वेच्या डिमू बॉर्गिर या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा अतिजलद, कर्कश प्रकार) बँडने २८ मे २०११ रोजी ऑस्लोमध्ये नॉर्वेजियन रेडिओ ऑर्केस्ट्रा आणि स्कोला कांटोरम या गायकवृंदासह केलेला कार्यक्रम २०१७ साली या नावाने सीडी व डीव्हीडीवर आला. गेले काही महिने मी तो नियमित ऐकतो आहे आणि माझे मत असे झाले आहे, की यातला ऑर्केस्ट्रा बँडबरोबर वाजतो त्यापेक्षा एकटा वाजतो तेव्हा अधिक सांगून जातो.

बँडच्याच नावाचे गाणे येथे आधी केवळ वाद्यवृंद वाजवतो आणि लगेच तेच बँडसह सुरू होते. पहिल्या वादनात चेलो आणि व्हायोला यांची जी हालचाल स्वच्छ ऐकू येते, तिचा दुसऱ्या वादनात मागमूसही उरत नाही. कारण डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारी प्रक्रिया) लावलेली गिटार मूळ स्वराबरोबर उपस्वरांची इतकी दाटी करते, की मधल्या पट्टीत दुसऱ्या कोणाला जागाच राहत नाही. ट्रॉम्बोन, हॉर्न आणि गायकवृंद मात्र या गर्दीतूनही वर येतात. ड्रमच्या अतिजलद लयीवर वाद्यवृंदाने संथ, लांब स्वर धरायचे, ही योजना जेथे आहे तेथे दोन्ही बाजू एकमेकींना उठाव देतात, आणि माझ्या मते या संगीताचे खरे बळ तेच आहे.

२०१० च्या ‘अब्राहदब्रा’ या अल्बममधील गाणी सर्वाधिक एकजीव वाटतात, आणि त्यात नवल नाही. तो अल्बम याच ऑर्केस्ट्रा व गायकवृंदाच्या साथीने ध्वनिमुद्रित झाला होता आणि त्याची वाद्यवृंदरचना गाउटे स्टोरास यांनी केली होती. उलट १९९७ चे ‘मोर्निंग पॅलेस’ मुळात कीबोर्डच्या सुरावटीवर उभे आहे. तेथे एवढा मोठा ताफा आल्याने आवाज वाढतो, आशय वाढत नाही.

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकण्यात अर्थ नाही. आवाज कमी ठेवला, तर केवळ स्नेअर ड्रम आणि गायकाची खरखर उरते. त्यामुळे शेजाऱ्यांचा विचार करणाऱ्यांनी चांगले हेडफोन घ्यावेत. डीव्हीडी पाहताना व्हायोलिनवादकांचे गज जोराने फिरताना दिसतात आणि त्यांचा आवाज शोधावा लागतो, हे काहीसे केविलवाणे आहे. तिच्यासोबत २०१२ च्या वाकेन या जर्मनीतील मेटल संगीताच्या महोत्सवातील, चेक नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रासह झालेला कार्यक्रमही मिळतो. तो उघड्या मैदानावरचा असल्याने दृश्य म्हणून भव्य आहे. ऐकण्यासाठी मी ऑस्लोचाच लावतो.