मंडळाच्या ओम्नीच्या काचा काढून पत्रा मारला: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गॅरेजमधून गाडी आणून देवळासमोर उभी केली, तेव्हा आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी, म्हणजे मुख्य गायकांनी, पहिलं काम केलं ते नव्या पत्र्यावर बोटं वाजवण्याचं. एकदा वाजवलं, परत वाजवलं, मग कान लावला आणि म्हणाले, "रे, तुझो पत्रो काळी दोनात वाजता!" काळी दोन म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर. सगळे हसले, मीही हसलो. चार दिवसांनी कुडाळहून रात्रीची बारी, म्हणजे भजनाचा कार्यक्रम, आटोपून परत येताना कळलं, की बुवांनी थट्टा केली नव्हती. कच्च्या रस्त्याला लागलो की डावी बाजू स्वतःच ठेका धरायची.

गाडी २०१२ ची मारुती ओम्नी. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात ड्रायव्हरला खालून शेक. पण मागे जागा एवढी, की दोन हार्मोनियम, तीन पखवाज, झांजांची पेटी, मिक्सर आणि दोन स्पीकर बसतात, शिवाय सरकत्या दारांमुळे अरुंद पाणंदीतही सामान काढता येतं. २०१९ साली ओम्नीचं उत्पादन थांबलं. त्यानंतर आमच्या भागात चांगली जुनी ओम्नी विकायला कोणी तयार होत नाही. म्हणून आहे तीच जपायची असं ठरलं.

दुखणं काचांचं होतं. मागच्या दोन लांबट काचा रबरात बसवलेल्या असतात. इतक्या वर्षांत रबर कडक झालं, चिरा पडल्या आणि पावसाचं पाणी आत झिरपायला लागलं. आधी सिलिकॉन भरलं, मग नवं रबर घातलं. तरी पाणी येतच राहिलं, कारण रबर ज्या पत्र्याच्या ओठावर बसतं तो ओठच खाली गंजून बिस्किटासारखा झाला होता. रबर कितीही नवं घाला, त्याला धरायलाच काही उरलेलं नव्हतं. हे आम्हाला काच काढल्यावर दिसलं. तोपर्यंत सिलिकॉनच्या नळ्यांवर किती पैसे घातले, याचा हिशेब खजिनदारांनी मागू नये अशी विनंती.

वाद्यांना दोन शत्रू, ओल आणि ऊन. पखवाजाचं पान दमट हवेत उतरतं, कडक उन्हात चढतं, आणि काचेतून सरळ ऊन पेटीवर पडलं की भात्याचे सांधे आणि पॉलिश दोन्ही जातं. बाहेरून आतली साउंड सिस्टीम दिसते, हे तिसरं भय. जत्रेत रात्रभर गाडी कुठेतरी अंधारात उभी असते. या सगळ्यावर इलाज म्हणून मागच्या दोन काचा आणि डाव्या सरकत्या दाराची काच, अशा तीन जागी पत्रा वेल्ड करायचं ठरलं. डिकीची आणि उजव्या दाराची काच तशीच ठेवली.

वेल्डिंगच्या आधीचं एक काम सांगतो, कारण बहुतेक जण ते नंतर करतात किंवा करतच नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं, की गाडीच्या नोंदणीतल्या मूळ स्वरूपात बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आम्ही आधी ओरोसला आरटीओत गेलो, काय करणार ते कागदावर काढून दाखवलं, मागची बाकं निघणार म्हणजे आसनसंख्या कमी होणार हे सांगितलं. दोन फेऱ्या झाल्या. विमा कंपनीलाही लेखी कळवलं. तुमच्या गाडीला तुमच्या कार्यालयात काय उत्तर मिळेल ते मी इथून सांगू शकत नाही, पण विचारायला आधी जा. पत्रा लागल्यावर काच परत बसवणं म्हणजे अर्धी गाडी नव्याने करणं.

आता पत्रा. मिस्त्रींनी २० गेजची सीआर (कोल्ड रोल्ड) शीट सुचवली, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. १८ गेजची मजबूत, पण दाराला जड आणि वळवायला त्रासाची. पत्रा मारला की गाडी हलकी होईल असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं. दुकानातल्या काट्यावर ठेवून बघितलं: काढलेली एक काच तीन किलो दोनशे, तिच्या जागचा कापलेला पत्रा तीन किलोला जरासा कमी. वर पुट्टी, रंग आणि आतली शीट धरली तर पारडं उलटंच झुकतं. वजनासाठी हे काम कोणी करू नये.

वेल्डिंग सीओटू वायूचं, ०.८ मिलिमीटरच्या तारेचं. साध्या रॉडच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात. उजवी बाजू मोठ्या मिस्त्रींनी स्वतः केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर माप घेतलं, गंजलेला ओठ चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, नव्या पत्र्याला दोन आडव्या नाळी, म्हणजे पत्रा ताठ ठेवणाऱ्या खोबणी, मारल्या आणि मग वेल्डिंगचे टाके. एक टाका वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. हात लावता येईल इतपत निवेपर्यंत पुढचा टाका नाही. आम्ही बाकड्यावर बसून चहा पीत होतो आणि मनात म्हणत होतो, हा माणूस वेळ काढतोय. एका खिडकीला अख्खा दिवस गेला.

डावी बाजू दुसऱ्या दिवशी हाताखालच्या पोराने केली. पोर हुशार, पण घाईत. आकाशात ढग जमायला लागले होते, आमची बारी जवळ आली होती, घाई आम्हीच लावली. त्याने वीतभर वेल्डिंग सलग ओढलं. तापलेला पत्रा फुगतो, पण चहूबाजूंनी पकडलेला असल्यामुळे त्याला सरकायला जागा नसते, मग तो जागच्या जागी चेपला जातो आणि निवताना शिवणीपाशी आखडतो. मधला पत्रा मात्र होता तेवढाच राहतो. त्याला आता चौकटीत जागा पुरत नाही, म्हणून तो आत किंवा बाहेर पोक काढतो. बोटाने दाबलं की टण्‌कन आत, सोडलं की टण्‌कन बाहेर. मिस्त्रींनी नंतर गॅसने ठिपक्याठिपक्याने तापवून ओल्या फडक्याने आवळून बघितलं. निम्मा फरक पडला. उरलेला पुट्टीने झाकला. आणि डाव्या पत्र्याला नाळी मारलेल्याच नव्हत्या, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

तर बुवांची काळी दोन आली ती अशी.

त्यावरचा उपाय बुवांनीच दिला, अर्थात स्वतःच्या भाषेत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक का लावतात? पान जड होतं, थरथर खाली येते, आवाज घुमतो पण किणकिणत नाही. पत्र्यालाही तेच लागतं. बाजारात ब्युटिल रबराची, वरून अॅल्युमिनियमचा कागद असलेली चिकट शीट मिळते. गाडीत म्युझिक सिस्टीम बसवणारे तीच वापरतात. दुकानदार अख्खा पत्रा झाकायला सांगेल, कारण त्याला शीट विकायची आहे. मधोमध साधारण एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं. कणीकही आपण अख्ख्या पानावर थापत नाही. पत्रा स्पिरिटने पुसून, मग कोरडा करून, शीट हेअर ड्रायरने कोमट करून रोलरने दाबत बसवायची. हवेचा बुडबुडा राहिला की तिथे ओल. डाव्या बाजूचा ठेका त्याच संध्याकाळी थांबला. उजव्याला गरजच नव्हती, तरी उरलेला तुकडा लावला.

आता खरी तक्रार. ती पत्र्याची नाही, पत्र्याच्या पाठीची आहे.

वेल्डिंग करताना बाहेरून दिसणारी शिवण सगळे घासतात, पुट्टी मारतात, रंगवतात. तिच्या मागच्या बाजूचा जुना रंगही त्याच उष्णतेने जळून गेलेला असतो. तिथे पत्रा उघडा, काळानिळा पडलेला. शिवाय नवा पत्रा जुन्या ओठावर चढवून वेल्ड केला असेल तर दोघांच्या मध्ये कागदाएवढी फट राहते, आणि अशी फट पाणी वर खेचून धरून ठेवते. उजव्या बाजूला मिस्त्रींनी आधीच वेल्डिंग चालतं असा जस्ताचा प्रायमर फटीच्या दोन्ही अंगांना मारला होता. डाव्या बाजूला तो राहिला, आणि मागून इपॉक्सी प्रायमर मारायचा तो "रंगाच्या वेळी बघू" म्हणून राहिला.

नीट रंगाची वेळ आलीच नाही. २०२५ चा मे कोकणात कोणी विसरणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पावसाने जो जोर धरला तो सोडलाच नाही, मुंबईतसुद्धा २६ मेला मान्सून दाखल. गॅरेजच्या अर्ध्या शेडमध्ये गाडी, हवेत एवढा दमटपणा की पुट्टी घासली की हाताला चिकटते. पुट्टी ओल शोषते. तशा ओल्या पुट्टीवर रंग मारला तर तो पुढे फुगतो. हे माहीत असूनही बाहेरून एक हात रंग मारून आम्ही गाडी बाहेर काढली. २७ ऑगस्टला गणपती आले, मग रोज कुठे ना कुठे भजन. पितृपक्षात जरा उसंत मिळाली तेव्हा आतून बघतो तर डाव्या खालच्या कोपऱ्यातून चहाच्या रंगाचा ओघळ. बाहेर त्याच जागी रंगाला चण्याएवढे तीन फोड.

कोपरा खरवडला. गंज अजून पत्रा खात नव्हता, वरवरचाच होता. खाली पाणी निघायला एक बारीक भोक पाडलं, गंज थोपवणारं द्रावण लावलं, सुकल्यावर पोकळीत मारायचं मेणासारखं औषध लांब नळीने फवारलं. ते फटीत स्वतःहून रांगत जातं. मग आतल्या शिवणीवर पीयू सीलंट. जानेवारीपर्यंत नवा ओघळ नाही. पण हा तात्पुरता इलाज आहे हे मला माहीत आहे, कारण दोन पत्र्यांमधला मूळ उघडा भाग तसाच आहे. उजवी बाजू मात्र एक टिपूस न घेता पार पडली. एकच पाऊस, एकच गाडी, एकच पत्रा, एकच मशीन.

बाकीचं पटापट. चोरीची धाकधूक गेली, बंद पत्र्यामागे काय आहे ते कोणाला दिसत नाही. पखवाज उतरणं थांबलं असं म्हणणार नाही, श्रावणातली हवा गाडीच्या पत्र्याला विचारून आत येत नाही. पण पाणी गळून गवसणी भिजणं थांबलं, आणि पेटीवर थेट ऊन पडणं थांबलं. गाडी थंड राहते का? दुपारी उघड्या माळावर उभी केली तर आत भट्टीच असते. पांढऱ्या रंगामुळे पत्रा हात लावण्याइतपत राहतो एवढंच.

काय हरवलं, ते दोन गोष्टींत सांगता येईल. पहिली हवा. डाव्या दाराची सरकती काच गेल्याने पावसाळ्यात रात्री परत येताना, एसी नसलेल्या गाडीत चार घामेजलेले गायक बसले की पुढची काच धूसर होते आणि एकाने सतत फडकं घेऊन बसावं लागतं. दुसरी आणि जास्त गंभीर गोष्ट म्हणजे डावीकडची नजर. महामार्गावर कणकवलीचा उड्डाणपूल उतरून सर्व्हिस रोडकडे वळताना मी आधी मान वळवून डाव्या दाराच्या काचेतून बघायचो. आता तिथे पांढरी भिंत. जूनमध्ये एक स्कूटरवाला थोडक्यात वाचला, चूक माझी होती. त्याच दिवशी डाव्या आरशावर छोटा गोल आरसा चिकटवला आणि मागे कॅमेरा बसवला. सवय व्हायला दोन महिने लागले. परत करायची वेळ आली तर दाराच्या काचांना मी हात लावणार नाही, फक्त मागच्या दोन झाकीन. दाराच्या काचेला आतून जाड पडदा लावला असता तरी चोराचं काम झालं असतं.

एक बारीक गोष्ट राहिली. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीचा निगेटिव्ह काढला होता, बाकं आणि मॅट बाहेर होती, ओली पोती तयार होती. पण ग्राइंडर मारताना डिकीची काच झाकायला विसरले. ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि पाण्याने त्यांना गंज चढतो. आता आमच्या डिकीच्या काचेवर कोपऱ्यात तपकिरी ठिपके आहेत, पुसून जात नाहीत. गॅरेजवाल्याला दाखवलं तर म्हणाला, जुनेच असतील.

खर्च: वेल्डिंग आणि पत्रा मिळून साडेनऊ हजार, रंग सात, शीट, सीलंट, मेण आणि कॅमेरा धरून आणखी सहा. नोंदणीची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतील, तेव्हा पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं की नाही यावर मंडळात दोन तट आहेत आणि बैठक बारीसारखीच रंगते.

डावा पत्रा मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कापून काढणार आहे. मोठ्या मिस्त्रींना सांगून ठेवलंय: नाळी मारा, मधे प्रायमर, मागून प्रायमर, आणि दोन दिवस लागले तर लागू देत. काढलेली एक काच आमच्या गोठ्याच्या झरोक्यात बसवली आहे. तिथे ती अजून गळलेली नाही.